खंडेनवमीला ओढलेली वायर

आमच्या घरात तेव्हा दोन पोरी होत्या, एक कामाची आणि एक मी. हे माझं म्हणणं नाही, अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं आहे, आणि ते हे गिऱ्हाइकांच्या देखत म्हणायचे. तिसगावात रस्त्याला लागून आमचं घर होतं. पुढच्या खोलीत दुकान: वह्या-पेनं, झेरॉक्स, आणि भिंतीला टेकवलेल्या टेबलावर कॉम्प्युटर. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, दुकानांच्या उद्घाटनाची निमंत्रणं सगळी त्याच्यावर टाईप व्हायची. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांत तसं मशीन दुसरं नव्हतं, त्यामुळे अण्णांचा तोरा काही विचारू नका. त्या मशीनपुढच्या खुर्चीवर बसायची रुक्मी, माझी आतेबहीण, माझ्याहून वर्षानं मोठी. आणि मी मागं खाटेवर, अकरावीचं पुस्तक मांडीवर घेऊन, तिच्या पाठीकडे बघत बसलेली असायची.

रुक्मीचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक वस्तीवर यायचा, आणि पाच-सहा महिने आत्या नि तिचा नवरा कुठल्या तरी कारखान्याच्या फडावर पाचटाच्या खोपीत राहायचे. रुक्मीची शाळा बुडू नये म्हणून तिला दहाव्या वर्षापासून आमच्याकडं ठेवलेलं. दहावीला नापास झाली तशी शाळा सुटली, पण ती राहिली आमच्याकडंच, कारण तोवर अण्णांनी नगरहून कॉम्प्युटर आणला होता. तो जोडून द्यायला आलेला माणूस दोन दिवस काय काय करत होता ते हिनं चहा देता देता नुसतं बघून घेतलं. महिन्याभरात ती न बघता टाईप करायला लागली. मला इंग्रजी तिच्यापेक्षा दहापट चांगलं यायचं. पण मी खुर्चीवर बसले की अण्णा म्हणायचे, "उठ, म्हैस चिखलात बसल्यासारखी काय बसतीस त्या कीबोर्डवर!" झेरॉक्सला आलेली माणसं फिदीफिदी हसायची. रुक्मी हसायची नाही, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

आता कुणी म्हणेल, आश्रित पोरीचा कसला एवढा हेवा? खरंच आहे. आमच्याकडं शेंगोळे केले तर पातेल्याच्या तळाचे, फुटलेले तिच्या ताटात पडायचे. शिळी भाकरी तिची, ताजी माझी. आईनं तिला कधी शिवी दिली नाही, पण कधी "जेवलीस का" असंही विचारलं नाही. ती सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी बसून, ठेच्याशी भाकरी खायची आणि हात धुऊन परत दुकानात. बाहेर जीपवाल्यांचं "पाथर्डी, पाथर्डी" चालू, आत जुन्या प्रिंटरची करकर, आणि तिच्या बोटांचा तो बारीक टकटक आवाज. तो आवाज मला सहन व्हायचा नाही. माझ्याकडं ताजी भाकरी होती, माझी स्वतःची खाट होती, कॉलेजचा नवा ड्रेस होता, आणि तरी या घरात माझ्या बापाला अभिमान वाटावा असं जे काही होतं ते तिच्याकडं होतं. मी सोळा-सतरा वर्षांची होते. पण वयावर ढकलून मोकळी होणार नाही मी. मला सगळं कळत होतं.

त्या नवरात्रात अण्णांनी रंगीत प्रिंटर आणला. खोका उघडून जोडला तर चालेना. रुक्मीनं खोक्यावरचं बारीक अक्षर वाचून सांगितलं, "मामा, ह्येला नवी विंडोज लागती. आपली जुनी हाय." झालं, अण्णा दुसऱ्या दिवशी नगरला जाऊन नव्या विंडोजची सीडी घेऊन आले. गावातल्या एका शेठच्या कापड दुकानाचं उद्घाटन दिवाळीत होतं, त्याची रंगीत निमंत्रणं दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिली छापायची असं त्यांनी चार माणसांत सांगूनही टाकलं होतं. नगरच्या माणसानं सीडी देताना सांगितलेलं, टाकायला दीड तास लागतो, आणि टाकताना मधे काही झालं तरी मशीन बंद होऊ द्यायचं नाही. तेव्हा आमच्याकडं लाईटचं वेळापत्रक होतं: सकाळी सहा ते दहा, मग संध्याकाळी चारनंतर. रुक्मीनं ठरवलं, नवमीला सकाळी लाईट आली की लगेच सुरू करायचं.

नेमकी त्याच वेळी आत्या आली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा ट्रक निघणार होता, आणि या वर्षी तिला रुक्मी पाहिजे होती. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आत्याच्या नणंदेचा पोरगा एकटा होता, त्याचा कोयता पुरा होत नव्हता. तुळशीचं लग्न लागलं की फडावरच दोघांवर अक्षता टाकायच्या, असं तिकडच्यांनी ठरवून टाकलं होतं. रुक्मी रडली नाही. ती अण्णांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, मला न्हाई जायचं. मी हितंच ऱ्हाते, पडंल ते काम करते." अण्णा आत्याला म्हणाले, "हे बघ अक्के, माझं मशीन ही सांभाळती. जवर मशीन हिच्या हातात चालतंय तवर ही माझी. मशीन न्हाई चाललं तर मग मला पोरगी ठिवून करायची काय?" हसत हसत म्हणाले. पण अण्णा हसत बोलले की ते पक्कं असायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. रुक्मीलाही होतं.

नवमीला सहाला लाईट आली. सीडी घातली, पडद्यावर निळी पट्टी सरकायला लागली. आमच्याकडं खंडेनवमी फार कडक. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं घासून-पुसून मांडायची: विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आईची शिवणयंत्राची कात्री, आणि दोन वर्षांपासून कॉम्प्युटरसुद्धा. कुंकू-हळद लागली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही. हत्याराची सुट्टी. पूजा एरवी दुपारी व्हायची, म्हणून रुक्मी निर्धास्त होती. पण त्या दिवशी अण्णांना कुणाकडं तरी जायचं होतं, तेव्हा आईनं पूजा पावणेसातलाच मांडायला घेतली. आत्याचे ऊस तोडायचे दोन कोयते वस्तीवर राहिले होते, ते आणि झेंडूची फुलं आणायला आईनं रुक्मीला पिटाळलं. जाताना रुक्मी माझ्यापाशी वाकली. "वैशे, एकोणचाळीस मिन्टं ऱ्हायलीत. वायरीला हात लावू दिऊ नको कुनाला. मी पळत येते." मी पुस्तकातून मान वर न काढता "हं" म्हटलं.

आई ताट घेऊन आली. "हे चालू काय ठेवलंय? चालत्या हत्याराची पूजा करतात का? बंद कर ते." मला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं: आई, रुक्मी नको म्हणाली, अर्ध्यात बंद केलं तर मशीन बसेल. आईनं ऐकलंही असतं, ती अण्णांना भ्यायची. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चौतीस मिनिटं राहिल्याचं लिहिलं होतं, ते मी वाचलं. खालची इंग्रजी सूचनाही वाचली, तिचा अर्थ रुक्मीपेक्षा मला नीट कळत होता. मग मी टेबलाखाली वाकले आणि वायर ओढली. खटका नाही, बटण नाही, सरळ वायर. पंख्याचा आवाज हळूहळू बसत गेला. आईनं काळ्या पडद्यावर कुंकवाची पाच बोटं ओढली.

रुक्मी घामाघूम होऊन आली. एका हातात कोयते, ओच्यात झेंडू. तिनं मशीनकडं बघितलं आणि फुलं खाली पडली. "बंद कसं पडलं?" मी म्हटलं, "निळी पाटी आली इंग्रजीत, आणि आपोआप बंद पडलं. तूच काहीतरी उलटंसुलटं दाबलं असशील." आई नारळाची शेंडी काढत होती. तिनं ऐकलं. माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत शेंडी सोलायला लागली. आयुष्यभर आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललो नाही. आई गेली तेव्हा मी खूप रडले, लोकांना वाटलं आईची फार लाडकी होती.

रुक्मी म्हणाली, एकदा चालू करून बघू द्या. आई म्हणाली, कुंकू लागलंय, आता उद्या. रुक्मी अण्णांच्या मागं मागं रस्त्यापर्यंत गेली. "मामा, लाईट हाय तवर बघू द्या वो, उद्या येळ न्हाई पुरायचा." अण्णा जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "खंडेनवमीला हत्याराला हात लावलास तर हात मोडून ठेवीन. आन् उद्या दिवस मावळायच्या आत चाललं न्हाई, तर परवा ट्रकात बस." मग ती पोरगी दिवसभर त्या मशीनसमोर बसून राहिली. झेंडूची माळ घातलेलं, कुंकू लावलेलं, मेलेलं मशीन. दुपारी आईनं हाक मारली तरी जेवायला उठली नाही. वहीवर काहीतरी लिहीत होती: काय काय बिघडलं असेल, उद्या कुठून सुरुवात करायची. मला वाटलं होतं रडेल, डोकं आपटेल. तिचं हे शांतपणे लिहिणं मी बघितलं. ही उद्या चालू करणार, माझी खात्रीच पटली.

म्हणून मी दुसरं केलं, आणि ते आईनं सांगितलेलं नव्हतं. रुक्मी आंघोळीला गेली तेव्हा टेबलाचा खण उघडला. त्यात चार-पाच सीड्या होत्या. एक पिवळ्या कव्हरातली, मराठी अक्षरांची. ती मशीनमध्ये एकदा घातल्याशिवाय मराठी टाईपच होत नसे, हे मला रुक्मीकडं बघून बघूनच कळलं होतं. ती घेतली आणि माझ्या फिजिक्सच्या जर्नलच्या कव्हरात सरकवली. जर्नल दप्तरात, दप्तर खुंटीला. काम दोन मिनिटांचं. त्या रात्री मला झोप छान लागली, खोटं कशाला बोलू?

दसऱ्याला सकाळी सहाला लाईट आली तेव्हा रुक्मी खुर्चीवरच होती. कडाकण्या तळल्याचा वास घरभर, घटाच्या वर त्यांच्या माळा बांधलेल्या, अण्णा नवा सदरा घालून पानाचा डबा शोधतायत. बटण दाबलं. काळा पडदा, वर पांढरी एक ओळ: अमुक फाईल सापडत नाही. रुक्मीनं वही उघडली. सीडी घातली, मशीन सीडीकडं बघेच ना, परत तीच ओळ. मग तिनं पुन्हा चालू केलं आणि पहिल्या सेकंदाला एक बटण सारखं सारखं दाबत राहिली. नगरच्या माणसाला एकदा तसं करताना तिनं पाहिलेलं. निळा तक्ता आला. त्यात मशीननं आधी काय वाचायचं याचा क्रम असतो, आधी हार्डडिस्क, मग सीडी. तिनं तो उलटा केला. मला आजही आश्चर्य वाटतं. आज माझ्या हाताखाली डिप्लोमा केलेली पोरं आहेत, त्यांना हे करायचं म्हटलं की आधी फोनवर व्हिडिओ लावतात. तिला इंग्रजी धड वाचताही येत नव्हतं.

सीडी फिरली, अर्ध्यात अडकली. तिनं सीडी काढून साडीच्या पदराला पुसली, तरी अडकली. मशीनचा खोका उघडला, आतली रॅमची पट्टी काढली आणि माझ्याकडं हात केला, "खोडरबर दे." मी दिला. तिनं पट्टीचे पिवळे दात खोडरबरानं घासून घासून चकचकीत केले, फुंकर मारली, परत बसवली. यावेळी सीडी पुढं सरकली. मग मशीननं विचारलं, कुठं टाकू? दोन कप्पे दाखवले. एकात जुनी विंडोज, दुसऱ्यात दोन वर्षांच्या सगळ्या पत्रिका. चुकीचा कप्पा निवडला असता तर सगळं पुसलं गेलं असतं. तिचं बोट बराच वेळ हवेत थांबलं. "वैशे, तुला इंग्रजी येतं. वाच की जरा, वरचा का खालचा?" मी नीट वाचलं. वरचा बरोबर होता. मी म्हटलं, "मला नाही बाई कळत त्यातलं, तूच हुशार." तिनं ओठ चावला, आणि वरचाच निवडला.

दहाला दहा मिनिटं कमी असताना नवी विंडोज उघडली. हिरवी टेकडी, निळं आभाळ. लाईट जायच्या आत झालं. रुक्मी खुर्चीतून उठली आणि तिनं मला मिठी मारली, तिच्या अंगाला घामाचा आणि झेंडूचा वास येत होता. संध्याकाळी चारला लाईट आल्यावर बाकीचं. चित्रं जाडीभरडी दिसत होती, त्याची सीडी घातली, नीट झाली. प्रिंटरची सीडी खोक्यात होती, ती घातली, प्रिंटरनं पहिल्यांदा कागद ओढला. मग तिनं शेठच्या निमंत्रणाची फाईल उघडली, आणि मराठीच्या जागी चौकोन, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस. जुनी विंडोज गेली तशी तिच्याबरोबर मराठी अक्षरंही गेली होती. "काय न्हाई, पिवळी शीडी घातली की झालं," असं म्हणत तिनं खण उघडला.

खण रिकामा करून झाला. मग दुसरा खण, वह्यांचे गठ्ठे, झेरॉक्सचं कपाट, देवाच्या मागं, गाद्यांखाली. मीसुद्धा शोधत होते. मी खाली वाकून टेबलामागं हात घालत होते, धुळीनं शिंकत होते, "इथं नाही गं, तिथं बघ" म्हणत होते. आत्याही शोधायला लागली, तिला खरं तर पोरगी न्यायचीच होती, पण बिचारी मनापासून शोधत होती. शेवटी रुक्मी माझ्या खाटेपाशी आली. माझी पांघरुणं झटकली. खुंटीवरच्या दप्तराकडं हात नेला आणि थांबली. "तुझ्या दप्तरात कशी आसंल? तुझी पुस्तकं कशाला इस्कटू," म्हणाली आणि वळली.

पाच वाजता अण्णा शेठला घेऊन आले. मागं आणखी चार-पाच जण, हातात आपट्याची पानं. सोनं द्या, सोनं घ्या चाललेलं, आई पेढ्यांचं ताट फिरवतेय. अण्णांनी रुबाबात सांगितलं, "रुक्मे, छाप पहिलं कार्ड." ती म्हणाली, "मामा, मराठीची शीडी सापडंना. उंद्याच्याला..." "छाप म्हनलं ना!" तिनं छापलं. लाल-पिवळ्या रंगात, वर गणपती, आणि खाली ते चौकोन आणि टिंबं. शेठनं कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. "ह्ये काय चिनी भाषेत बोलावताय व्हय माझ्या पाव्हन्यांना?" सगळे हसले. अण्णाही हसले, मग कार्ड घेऊन रुक्मीच्या तोंडावर मारलं, एकदा, दोनदा, कार्ड दुमडून गेलं तरी मारत राहिले. "इतकी वर्सं खाऊ घातलं. एका दिवसात धंद्याचं वाटोळं केलंस. बांध बोचकं!" ती तिथंच उभी राहिली. गालाला रंग लागला होता, ओली शाई. एकानं आपट्याची पानं तिच्या हातात द्यायला म्हणून पुढं केली, मग बावरून परत खिशात घातली.

मी काय करू शकत होते? दप्तर काढायचं, जर्नल उघडायचं, सीडी द्यायची. सापडली म्हणायचं, खोटं बोलून का होईना. सात-आठ पावलांचं अंतर होतं. मी पेढा खात होते.

सकाळी ट्रक आला. वर आधीच तीन-चार बिऱ्हाडं चढलेली: पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, शेळी, रांगती पोरं, चुलीची तवे-भांडी. नवमीला पूजलेले कोयते फडक्यात गुंडाळून आत्यानं बगलेत धरले होते. नणंदेचा पोरगा ट्रकच्या टपावर बसून तंबाखू मळत होता, त्यानं रुक्मीकडं बघितलंसुद्धा नाही. रुक्मी चढली, आणि वरून मला हाक मारली. मला वाटलं, झालं, हिला कळलं. मी पाय ओढत गेले. ती म्हणाली, "वैशे, वही आन. ल्ही. पिवळी शीडी सापडली की आदी घालायची, मंग 'सेटप'वर दोनदा दाबायचं. विचारलं की सगळ्याला 'येस' म्हन. मंग मशीन बंद करून परत चालू. तरी अक्षरं न्हाई आली, तर कंट्रोल पॅनलात फॉन्टमधी जा, तितं हातानं टाकायची. लिवलं का? मामाचं काम आडू दिऊ नको. शेटचं कार्ड त्या फाईलीत तयार हाय, फकस्त छापायचं." मी सगळं लिहून घेतलं, माझ्या सुवाच्य अक्षरात. एके ठिकाणी तिला परत विचारलंही, नीट समजावं म्हणून. ट्रक हलला. ती मागं बघत नव्हती, शेळी घसरू नये म्हणून तिचं दावं धरून बसली होती.

चारला लाईट आली. मी टेबलामागं हात घातला आणि ओरडले, "अण्णा, सापडली! भिंतीच्या फटीत पडली होती." रुक्मीनं सांगितलं होतं तसं एकेक केलं. पहिल्या फटक्यात अक्षरं आली नाहीत, मग कंट्रोल पॅनल, फॉन्ट, हातानं. आली. शेठचं कार्ड छापलं, गणपतीखाली झकास मराठी. अण्णांनी कार्ड हातात घेतलं, माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा. "माझी पोरगी कुठं चुकायची न्हाई," म्हणाले आणि शेजारपाजारी पेढे वाटले. त्या दिवसापासून खुर्ची माझी.

आज त्याच जागेवर माझं केंद्र आहे. दाखले, उतारे, अर्ज, अंगठे. चार कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, एसी. अण्णा नाहीत, आई नाही. नवीन विंडोज आली की मीच टाकते, पोरांवर सोडत नाही. हे सगळं लिहायला बसले कारण गेल्या उन्हाळ्यात रुक्मी आली. मी ओळखलंच नाही. वाळलेली, दात पडलेले, चाळिशीतच म्हातारी झालेली बाई, सोबत तिची धाकटी पोरगी, पंधरा-सोळाची. रेशनसाठी अंगठा द्यायचा होता. मी सवयीनं म्हटलं, "अंगठा ठेवा काकू." मशीननं घेतला नाही. पुसून ठेवा. नाही घेतला. दुसरं बोट, तिसरं, दुसरा हात. एकही घेतलं नाही. बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. कोयत्याच्या मुठीनं आणि उसाच्या पात्यांनी सगळं घासून सपाट झालेलं. ती हसली आणि म्हणाली, "वैशे, मी रुक्मी. ही बोटं न्हाई चालायची गं कुटंच. डोळ्याचं काय मशीन हाय का?"

डोळ्याचं होतं. ते झालं. मागं रांग लागली होती, तरी मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. ती खोलीभर बघत होती. मग पोरीला म्हणाली, "ह्याच जागंवर बसायचे मी. लई चांगलं चाललं हुतं. मंग नवी विंडोज टाकायला गेले आन् माझ्याच हातनं मशीन बसलं, शीडी बी मीच कुटंतरी हारवली. मामाचं लई नुसकान केलं. मला तेवढं डोकं न्हवतं गं, मामाचं काय चुकलं न्हाई." आणि माझ्याकडं वळून, मान खाली घालून म्हणाली, "तुज्यावर आयत्या येळी सगळं पडलं, वैशे. कितीदा मनात आलं, येऊन तुजी माफी मागावी."

माझ्या तोंडापाशी ते वाक्य पंचवीस वर्षं तयार होतं. मी तोंड उघडलं. रांगेतली माणसं ऐकत होती, माझी दोन पोरं स्क्रीनवरून मान वर करून बघत होती. मी म्हटलं, "जाऊ दे गं रुक्मे, झालं गेलं. माणसाच्या हातून चूक होतेच. मी कधीच मनात ठेवलं नाही."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुजं मन लई मोठं हाय," म्हणाली आणि पोरीला पुढं ढकललं, "पाया पड मावशीच्या." पोरगी वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.